फाईल सोडा, काका

एखादी गोष्ट पसंत करायला आमच्या साहेबांच्या मावसभावाइतका वेळ लावणारा माणूस मुलुंडपासून कांजूरमार्गपर्यंत दुसरा सापडायचा नाही. साधी चप्पल घ्यायची तरी हे गृहस्थ दुकानदाराला "ही ओल्यात कशी वागते?" असं विचारून घेतात. तरुणपणी थोरल्या बहिणीने त्यांच्यासाठी स्थळं आणली, तर एकीकडचे पोहे कोरडे निघाले आणि दुसरीचा भाऊ उगाचच हसत होता. शेवटी बहीण थकली, स्थळं आटली, आणि बहीणभाऊ दोघंच कांजूरमार्गच्या दोन खोल्यांत राहिले. पुढे बहीणही गेली. पवईच्या एका कंपनीतले कॉम्प्युटर सांभाळता सांभाळता हेच आमचे काका निवृत्त झाले, आणि नेमकं तेव्हाच नाहूरच्या आमच्या आर्किटेक्टच्या ऑफिसात सर्व्हर घ्यायचं ठरलं. "दादा, एखादी ऑपरेटिंग सिस्टीम सुचव की," असं साहेबांनी फोनवर म्हटलं. त्यांना वाटलं, दोन दिवसांचं काम आहे.

आमची गरज साधी होती. सगळ्यांची ड्रॉइंग्ज आपापल्या मशिनवर असायची, त्यामुळे एकाच इमारतीवर दोघं काम करायचे आणि माझा जिना शेजारच्या टेबलावरच्या संदेशच्या बाथरूममध्ये उतरायचा. सगळी ड्रॉइंग्ज एका जागी राहावीत, एकाने उघडलेलं दुसऱ्याला खोडता येऊ नये, एवढंच हवं होतं. पण काका आले ते डबा घेऊन, छत्री घेऊन, वधूपित्याच्या चेहऱ्याने. "दोन स्थळं आहेत," त्यांनी जाहीर केलं. "पहिली घरंदाज, पण मानपान फार. माणशी लायसन्स मागते. दुसरी पेंग्विनवाली, चिन्हावर पेंग्विन असतो ती. देण्याघेण्याची अपेक्षा नाही, पण अबोल. काळ्या पडद्यावर बोलेल, तेही विचारलं तर. बरं, पत्रिका जुळायला हवी ती तुमच्या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरशी. संसार त्या दोघांनी करायचाय." मग बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. आज ही चढवायची, पुढच्या पंधरवड्यात ती, आणि रोज प्रत्येकाच्या टेबलापाशी स्टूल ओढून विचारायचं, "स्वभाव कसा वाटला?"

"काका, फाईल उघडतेय, प्रिंट येतेय झकास. उरकून टाका ना आता!" संदेश म्हणायचा.

"उरकायला हे काय तेराव्याचं जेवण आहे?"

उन्हाळ्यात सुरू झालेलं हे बघणं दिवाळी आली तरी चालूच होतं. दरम्यान काका आमच्यात पुरते मुरले. दुपारी डबे उघडले की त्यांची दुधी भोपळ्याची भाजी सगळ्यांच्या पानात जबरदस्तीने पडे. माझ्या आईच्या गुडघ्याची चौकशी तर माझ्या आधी तेच करत. कोपऱ्यातल्या खुर्चीला आम्ही काकांची खुर्ची म्हणायला लागलो होतो. त्यांना ठरवायचंच नव्हतं, हे माझ्या खूप उशिरा लक्षात आलं. ठरलं की काम संपणार होतं, आणि काम संपलं की त्या दोन खोल्या होत्याच.

पण एके दिवशी संदेशच्या अख्ख्या मजल्यावर कुणाचा तरी जुना मजला सेव्ह झाला. "वाट लागली ना काका!" तो ओरडला. साहेबही कंटाळले होते. "दादा, आता या आठवड्यात काय ते ठरव." काकांनी डब्याचं झाकण लावलं. मग हळूच म्हणाले, "पेंग्विनवाली." संदेशने पेढे आणले. काकांनी अर्धा खाल्ला आणि उरलेला कागदात गुंडाळून खिशात ठेवला. जाताना म्हणाले, "चांगल्या सर्व्हरची कोणाला आठवणच होत नाही." आणि खरंच, तो सर्व्हर एकदाही रुसला नाही. काकांना फोन करायचं काही कारणच उरलं नाही. त्यांच्या खुर्चीवर नकाशांच्या गुंडाळ्या साचल्या. त्या बघून मला वाईट वाटायचं.

मग एका सकाळी जिन्याचं ड्रॉइंग उघडायला गेले, तर पडद्यावर आलं: फाईल वापरात आहे, वापरणारे: काका. देखभालीसाठी त्यांच्या घरून जोडणी ठेवलेली होती. मी फोन लावला. "काका, फाईल सोडा."

"अरेच्चा, राहिली वाटतं उघडी! सोडतो हं. आईचा गुडघा काय म्हणतोय?"

पुढच्या आठवड्यात पुन्हा. मग दर दोन-चार दिवसांनी. आणि अडकायचं ते नेमकं आम्हाला त्या दिवशी लागणारं ड्रॉइंग. अशी फाईल इथून सोडवायची कमांड संदेशला येत होती. एकदा त्याने ती टाइपही केली, पण बटण दाबण्याआधी माझ्याकडे बघितलं. मग सगळं पुसून त्याने फोन उचलला. "काय काका, आज कुठली भाजी?"

मागच्या सोमवारी जिन्याचं ड्रॉइंग सरळ उघडलं. मंगळवारीही उघडलं. बुधवारी मी न राहवून फोन केला.

"काका, फाईल सोडा."

"मी उघडलीच नाही गं. अंगात कणकण आहे, पडूनच आहे दोन दिवस."

"मग उघडा की. आम्ही थांबलोय."

पलीकडे पलंग करकरल्याचा तेवढा आवाज आला. मी माझ्याकडची फाईल बंद केली. संदेश खुर्चीवरच्या गुंडाळ्या उचलून माळ्यावर टाकत होता. संध्याकाळी आम्ही दोघांनी कांजूरमार्गला काकांकडे जायचं ठरवलं. थोड्या वेळाने मी पुन्हा ड्रॉइंग उघडायला गेले. ते उघडलं नाही. वापरणारे: काका.