न दिलेली झिरो तिकिटं

बरकतपुऱ्यात राहणारी त्रिवेणी अकरा वर्षं सिटी बसवर कंडक्टर होती. म्हातारं माणूस नीट उतरल्याशिवाय तिने कधी बेल मारली नाही. तिची चूक झाली ती भलेपणात, आणि म्हणूनच ती जास्त बोचत होती.

बायकांना बस मोफत झाली, पण तिकीट द्यावंच लागे. शून्य रुपयांचं, सगळे त्याला झिरो तिकीट म्हणत. सकाळी सहा दहाच्या फेरीला बेगम बाजारात मिरच्यांचे देठ खुडायला जाणाऱ्या तीस-पस्तीस बायका एकदम चढत. तिकिटाचं मशीन रेंगाळायचं, तोवर पुढचा थांबा यायचा.

"अगं, तो कागद घेऊन मी काय चाटू?" त्यांच्यातल्या मालनबाई म्हणायच्या, आणि अख्खी बस हसायची. त्रिवेणीही हसायची. सात-आठ तिकिटं काढून ती मशीन बंद करायची. रोजच्या बायका, आपल्याच. कुणाचे पैसे थोडेच बुडत होते?

मग डेपोत नवं वेळापत्रक लागलं. आता कोणती फेरी ठेवायची ते कंप्युटर ठरवत होता, मशीनमधली तिकिटं मोजून. सहा दहापुढे लिहिलं होतं: सरासरी प्रवासी आठ, फेरी बंद. त्रिवेणीने ती ओळ पुन्हा वाचली. बाकीच्या बायका तिनेच पुसून टाकल्या होत्या.

मिरचीचा प्रत्येक व्यापारी आधी पोचलेल्या वीस बायकांनाच काम देई. सातच्या बसने जाणारीला जागा उरत नसे. आठवड्याभरात कोठीच्या थांब्यावर मालनबाई त्रिवेणीच्या परतीच्या बसमध्ये चढल्या.

"आजपण परत, मावशी?"

"हौ. चौथा दिवस. सरकार फुकट बसा म्हणतं आणि गाडीच काढून घेतं. आम्ही त्यांना दिसत नाही का गं? तूच सांग त्यांना, तू तर रोज पाहायचीस."

"सांगते," त्रिवेणी म्हणाली आणि खिडकीबाहेर पाहत राहिली.

दुपारी ती डेपोतल्या हिम्मतरावांसमोर उभी राहिली. फेऱ्यांचं सगळं तेच पाहत.

"तीस बायका बसायच्या, याला पुरावा काय?"

"मी त्यांना तिकिटं दिली नाहीत."

हिम्मतरावांनी दार लोटून घेतलं. "हे मी ऐकलंच नाही. कागदावर आलं तर मेमो निघेल. नक्को त्रिवेणी, पोरगी कॉलेजात आहे तुझी."

"लिहून दिलं तर फेरी येईल?"

"फार तर पंधरा दिवस चालवून पाहतील. तेव्हा भरली तर भरली."

तिने कागद मागितला. चार ओळी लिहायला तिला अर्धा तास लागला.

मेमो आला, आणि पंधरा दिवसांसाठी फेरीही आली. पहिल्या सकाळी मालनबाई चढल्या त्या खुशीत. "सांगितलंस ना त्यांना? मी म्हणाले होते, आपली त्रिवेणी सांगेल."

त्रिवेणीने सगळं खरं सांगितलं. शेजारच्या बायकाही ऐकत होत्या.

"गाडी गेली ते जाऊ दे," मालनबाई म्हणाल्या. "पण त्या दिवशी मी सरकारच्या नावाने बोटं मोडत होते, तेव्हा तू गप्प कशी बसलीस?"

त्रिवेणीने तिकीट पुढे केलं. ते घेऊन मालनबाई पार मागच्या सीटवर जाऊन बसल्या, आणि त्रिवेणी पुढच्या बाईकडे वळली.