खाटेपर्यंतची रेंज

नेटवर्क न लागणाऱ्या इमारतीत आक्का शिरल्या की त्यांचा रेंज मोजायचा मीटर पिशवीतच राही. आधी त्या माणसं बघत. कोण कुठे उभं राहून फोनवर बोलतं, कोण बोलता बोलता कुठे पळतं, हे बघत त्या खुशाल चहावाल्याशेजारी बसत आणि आम्ही इंजिनिअर मंडळी शिडी धरून ताटकळत असू. आक्का आमच्या साहेब. अक्कलकोटकडच्या, त्यामुळे रागावल्या की कानडीत, समजावू लागल्या की मराठीत. ‘मॅडम’ म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे.

सोलापुरातल्या एका जुन्या दगडी इस्पितळाचं काम आमच्याकडे आलं. भेटीची वेळ झाली की नातेवाइकांची झुंबड उडे आणि सगळे फोन बाहेरच्या एकाच टॉवरवर तुटून पडत. व्यवस्थापक म्हणाले, “गच्चीवर एक मोठा अँटेना ठोका की.”

आक्का हसल्या. “साहेब, पंगतीला वाढपी एकच, आन् त्याचा नुसता आवाज मोठा केला, तर भात लवकर येतो व्हय?”

मग मजल्यामजल्यावर, छताला बशीएवढे छोटे अँटेना लावायचं ठरलं. प्रत्येकाने आपल्या आसपासची माणसं सांभाळायची. हे सगळं मी कॉलेजात शिकलो होतो. कळलं मात्र त्या दिवशी.

आमच्या नकाशात पहिला अँटेना जिन्याच्या खिडकीपाशी होता, कारण बोलणाऱ्यांची गर्दी तिथेच. आक्कांनी कपाळावर हात मारला. “आरं, तितं माणसं रेंजसाठी आल्यात. त्यांचा जीव कुटं अडकलाय ते बघा की!”

जीव मधल्या वॉर्डात अडकला होता. चादरीच्या कारखान्यातल्या एका मावशींचा नवरा तिथे शेवटचे दिवस मोजत होता. मुलगा दुबईला, रजा मिळेना. त्याचा फोन भेटीच्या वेळीच येई आणि वॉर्डात आवाज तुटे. मावशी फोन घेऊन खिडकीकडे धावत, परत येऊन त्याचं बोलणं नवऱ्याला सांगत. इस्पितळात आल्यापासून बापाने लेकाचा आवाज काही ऐकला नव्हता. आक्कांनी बाकीची कामं थांबवून त्या वॉर्डातला अँटेना आधी चालू केला.

भर गर्दीत फोन वाजला. मावशी सवयीने उठल्या. आक्कांनी त्यांचा दंड धरला. “पळू नगा मावशी. हितंच बोला.”

मावशींनी फोन नवऱ्याच्या कानाला लावला. “आप्पा, ऐकू येतंय का?” पोरगा विचारत होता. आप्पांना बोलता येत नव्हतं. त्यांनी मान हलवली, पुन्हा पुन्हा हलवली.

“मान हालवत्यात रं!” मावशी ओरडल्या. “ऐकू येतंय त्यास्नी!”

आक्का भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या. त्या आता निवृत्त होऊन गावी गेल्या आहेत. एवढी मोठी बाई मी पुन्हा पाहिली नाही.