चाचांची पोलिश

बहारीनमधल्या आमच्या हिद्दच्या वर्कशॉपमधले स्टोअरचे चाचा रत्नागिरीकडचे, चौथी पास. सही करताना त्यांची जीभ बाहेर यायची, पण पोलिश फाडफाड बोलायचे. त्या काळी आमची यंत्रं पोलंडहून येत, ती जोडायला तिथले फिटर येत. त्यांच्याबरोबर खोकी उघडता उघडता चाचांनी भाषा कानानेच उचललेली. मी वसईचा, बी.ए., बहारीनला येताना डिग्री फ्रेम करून आणलेली. चाचांचं पोलिश बोलणं मला माकडचेष्टा वाटे.

१९८०च्या सुमारास आमचे पोलिश इंजिनियरसाहेब पंचवीस वर्षांची नोकरी संपवून परत निघाले. निरोपाच्या दोन ओळी त्यांच्या भाषेत कोण वाचेल, असं मॅनेजरने विचारलं. वरच्या एसी ऑफिसात पोलिश फिटरांचं काम पाहायला माणूस हवाय, हेही सगळ्यांना ठाऊक होतं. पत्र्याच्या स्टोअरमध्ये गुडघे धरून बसणाऱ्या चाचांना ती खुर्ची मिळायला हवी होती. पण त्यांना इंग्रजी अक्षरं वाचता येत नव्हती, आणि पोलिश त्याच अक्षरांत लिहितात. मी हात वर केला.

कागद हाती आला आणि पहिल्याच ओळीने घाम फोडला: द्वुजेस्तोप्येन्चोलेत्नी. मी गुपचूप स्टोअर गाठलं आणि चाचांना तो शब्द अडखळत वाचून दाखवला.

"बीये, सुरमय अख्खी कोन गिळतो काय? तुकड्या कर," म्हणत चाचांनी पेन्सिलीने खोक्यावर सात ठोके दिले. द्वु, जे, स्तो, प्येन, चो, लेत, नी. सहावा जोरात. "वजन शेवटच्या आदल्या तुकडीवर. आधी वीस, मग पाच, मग वर्स, मागे 'नी'ची शेपटी. पंचवीस वर्सांचा, दुसरा काय?"

कॉलेजात समास घोकूनही मला हे सुचलं नव्हतं. आठवडाभर जेवणाच्या सुट्टीत चाचांनी घोटून घेतलं. चुकलो की, "मफी! नाय जमला! यल्ला, परत!" घरी मी ताटावर ठोके देऊ लागलो, तेव्हा धाकटीने आईला विचारलं, "इज डॅडी ओके?"

समारंभात मी शब्द बिनचूक म्हटला. साहेबांचे डोळे भरून आले. मला मिठी मारून त्यांनी विचारलं, कोणी शिकवलं? चाचा मागे उभे होते. माझ्या तोंडून निघालं, "सेल्फ स्टडी, सर."

खुर्ची मला मिळाली. दुसऱ्या दिवशी मी तोंड पाडून खाली गेलो. चाचा म्हणाले, "तुजी पोरां लहान हायत. बस वर."

मी बसलो. पुढची दोन वर्षं प्रत्येक पोलिश पत्र वाचून दाखवून अर्थ विचारायला मी त्यांच्याकडेच जात होतो, तेही मॅनेजर जेवायला गेल्यावर. लाज वाटायची, पण एसीही आवडायचा.

मग चाचा कायमचे गावी निघाले. निरोपाला बोलायला मीच उभा राहिलो. सगळ्यांसमोर खरं सांगायचं, असं ठरवून गेलो होतो. "चाचा म्हणजे फार प्रेमळ माणूस," एवढं बोललो आणि खाली बसलो.

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात चाचांनीच वाजवल्या.