वेणूच्या तोंडातलं उत्तर

वेणूच्या पुढ्यात कुणी आकडा उच्चारायची सोय नव्हती. हळदीला चारशे माणूस येईल, एवढं कुणी म्हणायचा अवकाश, तांदूळ किती भिजवायचे, चुली किती मांडायच्या, भाकऱ्या थापायला बायका किती लागतील हे वेणूने सांगून टाकलेलं असायचं. बोलणाऱ्याचं वाक्य अजून घशातच. टीव्हीवर तो कोटवाला माणूस प्रश्न विचारून पर्याय वाचायला लागे, तोवर ही उत्तर देऊन भांडी घासायला उठलेली. भाजीवाला तर वेणू आली की काट्याकडे बघायचाच नाही, तिच्या तोंडाकडे बघायचा.

वय सत्तरीच्या आतबाहेर, अंगाने काटकुळी, आणि डोळे असे की नेहमी काहीतरी मोजत असल्यासारखे. शाळा तिसरीपर्यंत. पण आकड्यांची गोडी शाळेतली नव्हतीच. माहेर चिरनेरच्या अंगाला, बाप शिवा मिठागरावर कामाला. बांधावर मिठाच्या पांढऱ्याशुभ्र राशी लागलेल्या असत आणि फ्रॉकातली वेणू बापाच्या मागे मागे. "बाबा, या राशीत पाट्या किती आणि त्या सगळ्या राशींत किती?" असं ती विचारायची. शिवा खाली बसायचा, गवताची काडी दातात धरायचा आणि म्हणायचा, "तूच बघ की." मग वेणू खडे मांडायची, चुकायची, मोडायची, परत मांडायची. बाप काडी चावत बसलेला. उन्हं कलली तरी उठायचा नाही. शेवटी वेणू उत्तर सांगायची तेव्हा तो एवढा मोठा हसायचा, की बगळे उडायचे. त्याला स्वतःला ते उत्तर ठाऊक असायचं की नसायचं, देव जाणे.

लग्न होऊन वेणू विचुंब्याला आली. शेत होतं तिथे इमारती उठल्या आणि तिचं चुलीचं घर तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये जाऊन बसलं. घरात मुलगा परेश, सून रंजिता आणि नात अंकिता. परेश बंदराकडच्या एका गोदामात नोकरीला. माणूस गुणी, पण हिशेब म्हटला की त्याला जांभई यायची. मोबाईलवर बोट मारून मोकळा. वेणू कपाळाला हात लावायची. "माज्या पोटचा हाय म्हनून कोन म्हनंल!"

म्हणून तिचा सगळा जीव अंकितावर. पोर लहानपणी आजीच्या मांडीत बसून शेंगदाणे मोजायची, जिने मोजायची, गच्चीवर वाळत घातलेले पापड मोजायची. पण सहावीत गेली आणि काय बिनसलं कोण जाणे. गणिताचं पुस्तक काढलं की खोलीचं दार आतून बंद.

"अंके, दार उघड. मी पण बसतंय."

"नको आजी, प्लीज!"

"अगं, मी कुटं खातंय तुला?"

"तू मला नाही खात," आतून आवाज आला, "माझं गणित खातेस."

वेणूला काही कळलं नाही. त्या रात्री जेवताना अंकिताने सगळ्यांसमोर विचारलं, "पुढे कुठल्या यत्तेत मॅथ्स सोडता येतं? मला अजिबात आवडत नाही." रंजिताने डोळे वटारले. परेश म्हणाला, "माझ्यावर गेली बिचारी." वेणूचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला. जगातली एवढी गोड वस्तू आपल्यापाशी, आणि घरात ती खायला कुणी नाही! आपण गेल्यावर हे सगळं कुणाच्या पदरात घालायचं?

दुसऱ्या दिवशी दुपारी ती समोरच्या दिलशादकडे जाऊन बसली. दिलशाद ब्लाऊज शिवायची, पन्नाशीची, जिभेने तिखट आणि मनाने लोणी. घरभर कापडाचे तुकडे.

"दिलशाद, तुला गनित आवडायचं काय गं?"

"या अल्ला! आल्यापासून काही बोलला नाहीत आणि आता हे विचारता?" तिने मशीन थांबवली. "मास्तर दिसला की पोटात दुखायचं माझ्या."

"पन का? एकच मास्तर, एकच फळा. एकाला गोड लागतं, दुसऱ्याला कडू. असं का?"

दिलशादने दोरा दाताने तोडला. "गणिताचं मला नाही माहीत, वेणूताई. भाकरीचं सांगते. अम्मी मला थापायला बसवायची. जरा कड फाटली की हातातून ओढून घ्यायची. 'हट, मी करते.' तिची भाकरी चंद्रासारखी. पण मला आजपर्यंत भाकरी थापायला आवडत नाही. ब्लाऊज मात्र मी चुलतीकडे शिकले. ती बाई अर्धा दिवस झोपलेली असायची. मी किती कापड वाया घालवलं, तिला पत्ताच नाही. तिथे हात बसला." मग ती हसली. "सबर असलेला माणूस शिकवतो, नाहीतर झोपलेला."

वेणूही हसली, पण घरी येईपर्यंत तिचं हसू उतरलं होतं. रविवारी परेश बोंबिलाचा काटा काढत बसला होता, तेव्हा तिने त्याला सरळच विचारलं, "परेश, तुला गनित का रं नाय आवडलं?"

"आता कशाला, आये? पोटापुरतं येतंय की."

"सांग तरी."

परेश हसत हसतच बोलला, रागाचा मागमूस नव्हता. "मी ओट्यावर पाटी घेऊन बसायचो. आठ सत्ते म्हटलं की तू चुलीपासनं ओरडायचीस, छप्पन! मी बोटं उघडलेली पण नसायची. पुढचं गणित वाचायला घेतलं की तू त्याचं पण उत्तर द्यायचीस. मास्तर म्हणायचे, परेशचा गृहपाठ एकदम बरोबर. पण आये, मला येत होतं का नव्हतं, हे मला आजपर्यंत कळलं नाय."

आणि त्याने शांतपणे बोंबील तोंडात टाकला.

वेणूच्या ताटातला भात निवला. इतकी वर्षं ती समजत होती, आपण पोराला मदत केली. तिला एकदम तो बांध दिसला, खाली बसलेला शिवा, दातात ती काडी. ती काडी बाप उगाच चावत नव्हता की काय?

ठरलं. आता तोंड उघडायचं नाही. पण ठरवणं सोपं, करणं महाकठीण! आजीने तसं कबूल केलं म्हणून अंकिताने दार उघडं ठेवून पाहिलं, तर वेणू पदर तोंडावर दाबून बसली. दोन मिनिटांत अंकिता ओरडली, "आजी, बोटं!" पदराखाली वेणूची बोटं आपोआप बेरीज करत होती. मग ती गॅलरीत जाऊन उभी राहिली, तर तिथून खाकरली. ते खाकरणं असं होतं की पोरीला कळलं आपलं चुकलंय. दार पुन्हा बंद झालं.

गणपतीचे दिवस जवळ आले. इमारतीखालच्या मांडवात दरवर्षी कॅरमची स्पर्धा. इमारतीचा सेक्रेटरी भावेश, त्याने घरी येऊन अंकिताला गाठलं. तिचं अक्षर चांगलं.

"अंकिता, तक्ता तू बनव. एकोणीस नावं आलीत. हरला तो बाहेर, शेवटी उरेल तो जिंकला. जोडी जमली नाही तर एकाला त्या फेरीत बसवून ठेवू, तो तसाच पुढे जाईल. आणि हो, एकूण गेम किती होतील तेवढं सांग. बोर्ड एकच आहे, किती संध्याकाळी लागतील ते ठरवायचंय."

वेणू तिथेच शेंगा सोलत होती. एकोणीस म्हणताच तिच्या डोक्यात गिरणी सुरू झाली. नऊ गेम, एक बसला, राहिले दहा. मग पाच. मग दोन, एक बसला. मग एक, मग शेवटचा एक. भावेशने पाठ फिरवण्याआधी उत्तर जिभेच्या टोकावर येऊन उभं राहिलं. ओठ उघडले. समोर अंकिताने डोळे मिटून घेतले, जसं इंजेक्शनच्या आधी मिटतात.

ते मिटलेले डोळे वेणूला लागले.

ती उठली, तडक स्वयंपाकघरात गेली. तांदळाच्या डब्यात हात घातला आणि खालून एक छोटी डबी काढली. मशेरी! तंबाखू भाजून केलेली ती काळी पूड दातांना लावायची सवय वेणूला लग्नाआधीपासून. शाळेत कुणी बाई तंबाखूवर बोलून गेल्या आणि अंकिताने आजीकडून सोडायचं वचन घेतलं होतं. वेणूने वचन दिलं होतं, डबी दिली नव्हती. आता तिने चांगली चिमूटभर घेऊन दातांवर फिरवली. तोंड काळ्या रसाने भरलं. मशेरी तोंडात असताना कोणी बोलून दाखवावं! बोललं की लुगडं गेलंच.

आणि ती बाहेर येऊन बसली, गाल फुगवून, नाकाने श्वास घेत.

अंकिताने एक डोळा उघडला. मग दुसरा. आजी गप्प. तिला खरंच वाटेना. तिने कागदावर रेघा मारायला घेतल्या. बसवून ठेवलेला माणूस कुठे लिहायचा तेच कळेना. खोडलं, परत मारल्या, कागद चुरगळला. वेणू बसल्या जागी पुढे सरकली. अगं, त्या बाजूला लिही ना! पण तोंडात मशेरी.

मग अंकिता उठून कॅरम बोर्ड घेऊन आली आणि तिने सगळ्या सोंगट्या मांडल्या. काळ्या नऊ, पांढऱ्या नऊ, एक लाल राणी. "अय्या, बरोब्बर एकोणीस!" ती स्वतःशीच म्हणाली. तिने त्यांना नावं दिली. हे भावेशकाका, ही दिलशादआंटी. दोन सोंगट्या समोरासमोर घेतल्या, टिचकी मारली, हरलेली सोंगटी भोकात. टप्. परत दोन. टप्. आता ती लिहीत नव्हती, खेळत होती. दिलशादआंटी तिसऱ्या फेरीत हरून भोकात गेल्या तेव्हा तिला वाईटसुद्धा वाटलं.

वेणू बघत होती. नाकातून पाणी यायला लागलं होतं, तरी बघत होती. पोरगी किती हळू चालली होती, आणि तरी कंटाळा कसा येत नव्हता?

बोर्डावर शेवटी एकटी राणी उरली. अंकिता गेम आठवायला गेली. "पहिल्या फेरीत नऊ... मग... अरे, मी तर मोजलेच नाहीत!" चेहरा रडवेला झाला. वेणूने मुठी आवळल्या. पोरीने वैतागून एका कोपऱ्याच्या जाळीतल्या सोंगट्या हातावर ओतल्या, आणि तशीच थांबली. हातातल्या सोंगट्यांकडे बघत राहिली. मग बोर्डाकडे. मग परत हाताकडे.

"आजी," ती अगदी हळू म्हणाली, "दर गेमला एकच आत जाते."

वेणूच्या भुवया वर गेल्या.

"म्हणजे जितक्या आत, तितके गेम! राणी सोडून सगळ्या आत. अठरा! आजी, फेऱ्या कशाला मोजायच्या? जिंकणारे कशाला मोजायचे? हरलेले मोजायचे! प्रत्येक जण एकदाच हरतो ना!"

वेणू जागच्या जागी उठून उभी राहिली. अठरा तर तिचेही आले होते. पण ही वाट? नऊ नाही, पाच नाही, बसवलेला माणूस नाही, काही नाही. एका उडीत पैलतीर! उभा जन्म आकड्यांत गेला आणि ही वाट तिने पाहिली नव्हती. दुसऱ्याच्या तोंडून उत्तर ऐकायला असं गोड लागतं होय? तिला ओरडायचं होतं, पोरीच्या गालावरून बोटं मोडायची होती. ती "उंऽऽ उंऽऽ" करत बेसिनकडे धावली, खळखळून चुळा भरल्या आणि पदराने तोंड पुसत परत आली.

"सांग, सांग. परत सांग. कसं केलंस?"

आजी आपल्याला विचारतेय! अंकिता एवढी फुलली की तिला नुसता वास आला, राग आला नाही. "आजी, मशेरी?"

"नंतर ओरड. आदी सांग."

तेवढ्यात परेश कामावरून आला. डबा खाली ठेवतोय तोच अंकिता त्याच्या अंगावर धावली. "बाबा, एकोणीस माणसं, हरला तो बाहेर, गेम किती? खूप सोप्पंय, बघा, प्रत्येक..."

"थांब!" परेशने हात वर केला. "सांगू नकोस."

"अहो पण बाबा..."

"सांगू नको म्हटलं ना!" आणि तो चाळिशीचा बाप्या, बूटसुद्धा न काढता, बोर्डापाशी फतकल मारून बसला. सोंगट्या मांडल्या. मोडल्या. डोकं खाजवलं. रंजिताने चहा ठेवला, तो गार झाला. अंकिता टुणटुण उड्या मारत होती, तिला राहवत नव्हतं. वेणूने तिला मांडीत ओढून तिच्या तोंडावर हात ठेवला.

"गप. बसू दे त्याला."

बराच वेळ गेला. मग परेशने जाळीतल्या सोंगट्यांकडे पाहिलं आणि असा हसला, की वेणूला वाटलं, आता खिडकीवरची कबुतरं उडणार. हे हसू तिच्या ओळखीचं होतं. बांधावरचं होतं.

मशेरीची डबी अंकिताने त्याच दिवशी कचऱ्यात टाकली आणि वेणूने टाकू दिली.

स्पर्धा झाली. वेणूचं नाव त्या एकोणिसांत होतंच, आणि पहिल्याच गेमला दिलशादने तिला बाहेर काढलं. वेणू मजेत प्रसादाच्या ताटाशेजारी जाऊन बसली. खेळ रंगात आला. बऱ्याच वेळाने भावेश घड्याळ बघत ओरडला, "अरे, किती झाले? अजून किती गेम राहिले?"

वेणूचे ओठ उघडले. बोर्डाच्या पलीकडून अंकिताने तिच्याकडे पाहिलं.

वेणूने ताटातला एक उकडीचा मोदक उचलला आणि आख्खाच्या आख्खा तोंडात घातला.