नाईट ड्युटीवाल्याची झोप

सत्काराची शाल अंगावर घेऊन मी खोटं बोलले. दरवर्षी विहारात समाजातल्या पुढे गेलेल्या माणसांना बोलावतात, त्या वर्षी मला बोलावलं होतं. आमच्या क्वार्टरच्या ब्लॉकमधून इंजिनिअर झालेली पहिली मुलगी. यशाचं रहस्य विचारलं, तर मी छातीठोकपणे सांगून टाकलं, ट्यूशन नाही, होस्टेल नाही, दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये जिद्दीने अभ्यास केला. टाळ्या पडल्या. यशस्वी माणूस मेहनतीवर बोलायला लागला की त्याला उलटा प्रश्न कोणी विचारत नाही.

टाळ्या वाजवणाऱ्यांत माझे भाऊजी होते, मोठ्या बहिणीचे यजमान. रेल्वेत गार्ड आहेत, दुर्गला मोहन नगरात राहतात. दोन महिन्यांनी त्यांच्या मुलीचा नागपूरला नर्सिंगला नंबर लागला. होस्टेलच्या फॉर्मवर बापाची सही हवी होती, आणि भाऊजींनी माझंच भाषण तिच्या तोंडावर मारलं.

“तुयी मावशी कोन्या होस्टेलात राहिली होती? आंगात धमक असली तं इथंच घरी राहूनही होते सारं.”

भाचीचा मला फोन आला. “मावशी, सोमवारी दो बजे तक अपलोड करायचं आहे. बाबा सहीच नाही करून राहिले.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आधी भाऊजींचा राग आला. मग स्वतःचा आला, आणि तो काही उतरेना.

कारण खरं मला ठाऊक होतं. बाबा स्टील प्लांटमध्ये, भट्टीवर. आठवड्याला शिफ्ट बदलायची. नाईटच्या आठवड्यात आमचं घर मुकं व्हायचं. बाबा सकाळी येऊन जेवून झोपले की दाराच्या घंटीची तार काढून ठेवायची, अलार्म लावायचा नाही, बोलायचं तर अंगणात जाऊन. भट्टीपुढे उभं राहून आलेल्या माणसाला उठवणं हे आमच्याकडे पापच होतं.

ताई बारावीला होती त्या वर्षी आई आजीच्या आजारपणासाठी भंडाऱ्याला गेलेली. स्वयंपाक ताईच्या गळ्यात पडला. गणितात ती माझ्यापेक्षा कितीतरी हुशार, माझी गणितं तीच सोडवून द्यायची. गणिताच्या पेपरला ती पहाटे चारला उठली, अभ्यास केला, भाजी-पोळ्या केल्या, बाबांना वाढलं, आणि ते झोपल्यावर स्वयंपाकघरात भिंतीला टेकून वही उघडली. तिथेच तिचा डोळा लागला.

शाळेला निघताना मी तिला पाहिलं. पेपर आहे हे मला माहीत होतं. पण बाबा झोपलेले, घरात तोंड उघडायचं नाही. उठेल आपली आपण, असं म्हणून मी चपला हातात घेतल्या आणि हळूच कडी काढून बाहेर पडले. ताई पोहोचली तेव्हा केंद्राचं फाटक बंद झालं होतं.

घरी कोणी रागावलं नाही. कोणी पुन्हा फॉर्मही भरला नाही. सगळे म्हणाले, पोरीचं नशीब. कसलं नशीब! चार पावलांवर मी उभी होते.

पुढच्या वर्षी मी बारावीला. ताईचं लग्न अजून ठरायचं होतं. ती रोज पहाटे माझ्या पायाचा अंगठा ओल्या हाताने दाबून मला उठवायची, आवाज न करता. ही माझी जिद्द.

सोमवारी रजा टाकून मी स्मृति नगरच्या माझ्या घरून स्कूटीवर ताईकडे गेले. भाऊजी नाईट करून आलेले, आतल्या खोलीत झोपले होते. भाची फॉर्म पुढ्यात घेऊन बसली होती. साडेबारा वाजले होते. आम्ही तिघी कुजबुजत होतो, आणि त्या कुजबुजण्याचाच मला संताप आला.

“त्या दिवशी मी तुला झोपलेलं पाहिलं होतं,” मी ताईला म्हणाले. इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. “उठवलं नाही.”

“मालूम आहे मले,” ती म्हणाली. “कडीचा आवाज आला होता. डोळेच नाही उघडले.”

मला रडू आलं. तिला आलं नाही. मग तिने पोरीच्या पुढ्यातला फॉर्म घेतला, पेन घेतलं, आतल्या खोलीत गेली आणि ट्यूबलाइट लावली.

“उठा जी. सही करा, मंग झोपा.”

“नाईट करून आलो ना वं.”

“मालूम आहे.”

भाऊजींनी तोंडावर चादर ओढली. ताईने ती काढली, घडी करून खुर्चीवर ठेवली, आणि सही होईपर्यंत लाईट बंद केला नाही.