गोणपाटाचं छत

लग्न होऊन मी कंधारहून लातूरला आले तेव्हा महायुद्ध चालू होतं. माझे यजमान सरकारी मदरशात, म्हणजे निजामाच्या शाळेत, मास्तर होते. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणत असे. त्या मुरुडच्या. बोलायला कमी, शिस्तीला कडक.

गंजातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, एका अडत्याचं सरकीचं पत्र्याचं गोदाम रिकामं पडलं होतं. यांनी, ओळखीच्या एका शिंप्यानं आणि पेठेतल्या म्हाताऱ्या सारंगीवाल्या खाँसाहेबांनी ते मागून घेतलं आणि तिथं गाण्याच्या बैठकी सुरू केल्या. शुक्रवारी कचेऱ्या आणि शाळा बंद असायच्या. रॉकेल मिळायची मारामार, म्हणून बैठक दुपारीच. झाडलोट, सतरंज्या अंथरणं, पाण्याचे रांजण भरणं, पाहुण्यांना टांग्यातून आणणं, सगळं हेच लोक करत. आम्ही बायका घरी स्वयंपाक करून डबे पाठवायचो. गाणं आमच्या वाट्याला येत नसे.

एकदा हैदराबादेहून एक नामांकित वृद्ध गवई आले. त्या दिवशी हे नेहमीपेक्षा फार लवकर घरी परतले आणि टोपी न काढता ओसरीवर बसून राहिले.

"काय झालं?" आत्याबाईंनी विचारलं.

"गाणं मधीच थांबवलं त्यांनी. म्हणाले, मास्टर, माझाच सूर पत्र्यावर आपटून माझ्याच कानात शिरतोय. हात जोडले अन् तंबोरा खाली ठेवला."

"मग वरून काही लावा की. वाकळी लावा, गोणपाट लावा. शिवायला कितीक वेळ लागतो?"

दुसऱ्या दिवशी आत्याबाई स्वतः डोक्यावरून पदर घेऊन घरोघर गेल्या. जुनी पोती, विटलेली लुगडी, फाटक्या वाकळी, ज्याच्याकडे जे होतं ते त्यांनी मागितलं. आधी आम्ही अंगणात शिवायला बसलो, पण पट्टे इतके मोठे होत गेले की कुणाच्याच अंगणात मावेनात. शेवटी आत्याबाईंनी यांना सांगितलं, "गोदामाची किल्ली दे. आम्ही तिथं शिवतो. दुपारच्याला गडीमाणूस आत नको."

असं मी त्या गोदामात पहिल्यांदा पाऊल टाकलं. आमच्या आळीतल्या, शिंप्याच्या घरच्या, कोष्टी गल्लीतल्या बायका आल्या. खाँसाहेबांच्या बीबी बुरखा खुंटीला अडकवून आमच्यात येऊन बसल्या. तोवर आम्ही एकमेकींना दुरूनच ओळखत होतो. मला गावात येऊन वर्ष होत आलं होतं, पण दळणाच्या आणि पाण्याच्या वाटेपलीकडं मी कुणाशी बोलले नव्हते. तिथं दाभणात सुतळी कशी ओवायची ते मला बीबींनी शिकवलं. माझं बोट टोचलं की त्याच आधी हसायच्या, मग हळद लावायच्या.

जाड गोणपाटातून दाभण ओढता ओढता कुणीतरी ओवी म्हणू लागे. मग दुसरी उचलून धरी. एखादा पट्टा तयार झाला की आम्ही बाहेर निघायचो, आणि शिंपी माणसं घेऊन तो वर वाशांना ताणून बांधायचा. आम्ही परत आत आलो की आमचा आवाज बदललेला असायचा. आधी घागरीत बोलल्यासारखा घुमायचा, तो हळूहळू जवळ येत गेला.

अर्ध्याच्या वर छत झालं असेल. आत्याबाई भावावरची एक ओवी म्हणत होत्या. भाऊ बहिणीला न्यायला देवणी बैलांची गाडी जुंपून येतो, अशी. ती संपली आणि दाराबाहेरून खाकरण्याचा आवाज आला. खाँसाहेब होते. ते उंबऱ्याच्या अलीकडं आले नाहीत.

"माँजी, माफी असावी. एक डाव अजून म्हणा. कोपऱ्यात जाऊन म्हणा. सूर कुठं फिरतो ते मला इथून कळंल."

आम्ही सगळ्या आत्याबाईंकडं पाहू लागलो. विधवा बाई, परक्या पुरुषाच्या सांगण्यावरून गाणार? त्यांनी हातातलं दाभण गोणपाटात खोवलं आणि उठून कोपऱ्यात गेल्या. तिथून तीच ओवी म्हटली. मग दुसऱ्या कोपऱ्यातून. तिसऱ्या वेळी बाहेरून सारंगी त्यांच्या मागोमाग निघाली. आत्याबाई क्षणभर अडखळल्या, पण थांबल्या नाहीत. उलट सावकाश, एकेक शब्द लांबवत म्हणू लागल्या. घरात रोज कानावर पडणारा तो आवाज इतका भरीव आहे हे मला तोवर कळलं नव्हतं. बीबींनी माझा हात घट्ट धरला होता.

"दाराच्या वरच्या अंगाला अजून एक पट्टा लागतोय," खाँसाहेब बाहेरून म्हणाले. "बाकी ठीक हाय. खुदा तुमचं भलं करो."

छत पुरं झाल्यावर यांनी हैदराबादला सांगावा धाडला. ते गवई परत येणार असं कळलं, तेव्हा आत्याबाई जेवण वाढता वाढता म्हणाल्या, "डाव्या भिंतीकडची जागा आम्हाला ठेव. ज्यांनी शिवलं त्या ऐकतील."

"लोक बोलतील, आई."

"बोलू दे. हाव म्हण, नाहीतर डबे तूच कर."

हे हसले आणि हाव म्हणाले. काही दिवस गावात कुजबुज झाली. अडत्यानं मात्र आपण होऊन बाजूचं दार उघडून दिलं, आणि शिंप्यानं आमच्यासाठी वेगळी सतरंजी शिवून आणली.

गवई आले. बसण्याआधी त्यांनी मान वर करून ते ठिगळांचं छत नीट पाहिलं. मग भिंतीकडं बसलेल्या आम्हा बायकांना वाकून नमस्कार केला आणि तंबोरा जुळवायला घेतला. त्या दुपारी ते मन भरून गायले. मला रागदारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, तरी जागचं हलावंसं वाटलं नाही.

त्यानंतर दर शुक्रवारी आत्याबाई सकाळी लवकर चूल पेटवायच्या आणि मला म्हणायच्या, "आटप लवकर, जागा धरायची हाय." मला जे काही थोडं गाणं कळतं ते त्या भिंतीशी बसून. परक्या गावात मला मैत्रिणी मिळाल्या त्याही तिथंच. कुणाकुणाचे उपकार मानू? जुनी पोती देणाऱ्या त्या सगळ्या घरांचेसुद्धा आहेत.