हौसाआत्या ‘बरी’ म्हणेना

हौसाआत्या माझ्याविषयी कुणालाच चांगलं सांगत नसे. इस्पितळात खाटेपाशी येऊन कोणी “पोर कशी हाय?” असं विचारलं, की ती कपाळाला हात लावून म्हणे, “कशाची कशी? ह्यो जीव काय हाताला लागत न्हाई.” आवाज ती कधी खाली आणत नसे. मी हातभर अंतरावर पडून सगळं ऐकत असे.

मी तेव्हा नऊ वर्षांची होते. पाठीच्या मणक्याला क्षय झाला होता. लढाई चालू होती. वडील पलटणीबरोबर परमुलखात होते आणि आई बाळंतीण. म्हणून रहिमतपूरहून दाराच्या फळीवर झोपवून मला रेल्वेने आणलं ते वडिलांच्या थोरल्या बहिणीने, हौसाआत्याने. सांगलीकडच्या एका मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी नडगीचं हाड काढून मणक्यांवर बसवलं आणि गळ्यापासून मांड्यांपर्यंत प्लॅस्टर घातलं. हाड सांधलं तर मी उभी राहणार होते. तोवर उताणं पडून छताकडे बघायचं.

आत्या उंच, काटक, विधवा बाई. इतर नातेवाइकांबरोबर ती इस्पितळामागे तीन दगडांच्या चुलीवर रांधायची. तिला जिन्याची भीती वाटे, कात्रीची वाटे, पांढऱ्या कपड्यांची वाटे, आणि ती भीती लपवतही नसे. “भ्यालेलं मानूस चार पावलं मागं ऱ्हातं, म्हनून वाचतं,” असं तिचं म्हणणं. मला सुई टोचताना डोळे ती मिटायची.

शेजारच्या खाटेवरच्या मुलीची आई सांगलीतल्या हळदीच्या व्यापाऱ्याची बायको होती. ती एकदा म्हणाली, “अहो मावशी, आज हिच्या तोंडावर तेज आलंय.”

आत्याने लगेच पदर माझ्या तोंडावर ओढला. “कशाचं तेज? ताप हाय त्यो. रातीच डोळं पांढरं केलं व्हतं हिनं.”

मी रात्रभर गाढ झोपले होते. पण आत्या सांगते म्हणजे तसं झालं असणार. झोपेतच मरण येतं आणि आपल्याला कळत नाही, असा मी अर्थ लावला. मग मला झोपायची भीती वाटू लागली. पुढे पेजेची वाटी भरलेलीच परत जाऊ लागली.

वॉर्डातल्या सिस्टर साताऱ्याच्या, वयस्क होत्या. आत्यासमोरच त्यांनी विचारलं, “का गं, तोंड कडू झालंय?”

“मरायचंच हाय, तर कशाला खायाचं?” मी म्हणाले.

“कोण म्हणालं मरायचंय?”

“आत्या. रोज समद्यास्नी सांगती.”

आत्याच्या हातातली वाटी कलंडली. “आगं बाय, ते तुझ्यासाठी न्हवतं. दृष्ट लागू नये म्हनून व्हतं ते.”

“बाई, ही सगळं ऐकतेय,” सिस्टर म्हणाल्या. “हिला सांगा, बरी आहेस म्हणून. हाड धरतंय, डॉक्टरांनीच सांगितलंय.”

“मी न्हाई सांगायची. माझ्या पोराला, बाळूला, खळ्यावर चार मानसांत म्हनले, गडी माझा लय खणखणीत हाय. आठवडा न्हाई निघाला.”

सिस्टरनी पेज पुन्हा वाटीत ओतून आत्यापुढे धरली. आत्याने वाटी घेऊन खाली ठेवली. मग वाकून तिने माझ्या कानाला तोंड लावलं. “बरी हाईस तू,” ती पुटपुटली. “बरी हाईस.” तिचे दात वाजत होते.

मी पेज प्यायले. माझी भीती गेली. तिची मात्र वाढली. शब्द तोंडातून निघून गेला होता. दिवसाढवळ्या माझा डोळा लागला तरी ती नाकाशी बोट धरून श्वास बघे. भेटायला येणाऱ्यांना तर ती माझ्या मयताचीच तयारी सांगू लागली, पण आता आधी मला डोळा घालून.

प्लॅस्टर कापलं त्या सकाळी दोन नर्सनी मला काखेत धरून उभं केलं. आत्या भिंतीकडे तोंड करून उभी होती.

“बाई, बघा तरी,” सिस्टर म्हणाल्या.

“नगं. परक्याची नजर उतरती, मायेची न्हाई उतरत.”

मी एक पाऊल सरकवलं, मग दुसरं.

“पाय टेकलं का?” आत्याने भिंतीलाच विचारलं.

“टेकलं, आत्या.”

“आन् पाठ?”

“सरळ आहे, अगदी सरळ,” सिस्टर म्हणाल्या.

आत्याने दोन्ही तळवे भिंतीला लावले आणि कपाळ त्यांवर टेकलं.

“मग गप बसा की, बाई,” ती म्हणाली. “येवढ्या मोठ्यानं कशाला सांगताय?”